फोटो उघडताना जरा थांबतो

९ जानेवारी

आज ऑफिसात एका चहाच्या कपाच्या फोटोने मला घाम फोडला.

इतकी वर्षं ही वही लिहितेय, पण कामाबद्दल कधी नीट लिहिलं नाही. आमची कंपनी लहान आहे. जुने, पुसट झालेले फोटो आणि स्कॅन उघडून दुरुस्त करायचा प्रोग्राम आम्ही बनवतो. मी त्यातला कोड लिहीत नाही. वापरणाऱ्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. प्रत्येक तक्रारीला मी क्रमांक देते, ती खरी आहे का ते तपासते आणि मिटेपर्यंत ज्याच्या त्याच्या मागे लागते. तक्रार कितीही किरकोळ वाटली तरी तिला क्रमांक मिळालाच पाहिजे, हा नियम माझाच. त्यावरून मला ऑफिसात ‘हेडमास्तरीण’ म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं.

सकाळी एका अनोळखी माणसाची मेल आली. टोपणनाव वटवाघूळ. पुरुष की बाई कळायला मार्ग नाही. भाषा अगदी सभ्य. सोबत कपाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, ‘तुमच्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा, पण कृपया कामाच्या मशीनवर नको.’ अशा गोष्टींसाठी नेटपासून तोडलेला एक म्हातारा कॉम्प्युटर आम्ही कोपऱ्यात ठेवलाय. त्यावर उघडला. कप दिसला, आणि पाठोपाठ स्क्रीनवर आपोआप कॅलक्युलेटर उघडला. मी कशालाही हात लावला नव्हता.

बाहेरच्या माणसाला हसू येईल, कॅलक्युलेटरच तर आहे! पण या क्षेत्रातली ही रीत आहे. भोक शोधणारा सज्जन असेल तर तो कॅलक्युलेटर उघडून दाखवतो. म्हणजे, मी तुमच्या घरात शिरलो होतो, फक्त दिवा लावून परत आलो. दुसरा कुणी असता तर त्याने दिवा लावला नसता.

नेमकं काय होतं ते प्रोफेसरने समजावलं. प्रोफेसर म्हणजे आमचा मुख्य प्रोग्रामर. कुठेही शिकवत नाही, पण फळा दिसला की उठतो. “फोटोची फाइल उघडली की ती आधी स्वतःची ओळख सांगते. मी इतकी रुंद, इतकी उंच. आपण तेवढी जागा मोकळी करतो आणि तिला आत घेतो. आता ती लहान सांगून मोठी निघाली, तर उरलेलं शेजारच्या जागेत सांडतं. आणि तिथे जे सांडेल ते कॉम्प्युटर हुकूम समजून पाळतो. मग तो हुकूम काहीही असो.”

“म्हणजे आपण तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.”

“मोजून घ्यायचं राहिलं,” प्रोफेसर म्हणाला.

१० जानेवारी

मालकांच्या खोलीत आम्ही तिघं. ठरलं ते असं, की दुरुस्ती तयार होऊन सगळ्यांना एकाच दिवशी मिळेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आधी बोभाटा झाला तर लोकांनी कडी लावायच्या आत चोरांना दार कळेल.

वटवाघळाने तीन महिने गप्प राहायचं कबूल केलंय, पण एका अटीवर. या वाटेने कुणी खरोखर आत शिरतंय अशी बारीकशी खूण जरी दिसली, तरी त्याच दिवशी जाहीर करायचं. दुरुस्ती अर्धवट असली तरी. निदान लोक प्रोग्राम बंद तरी ठेवतील. मला ही अट फार योग्य वाटली. मालकांकडून ती मी लेखी मान्य करून घेतली.

“मॅडम, घरीसुद्धा बोलायचं नाही हं,” मालक म्हणाले.

“त्यांनी घरी सांगितलं तरी चालेल,” प्रोफेसर म्हणाला. “त्यांच्या मिस्टरांना अजून प्रिंटर चालू करता येत नाही.”

हसले मी. खरंच येत नाही.

१४ जानेवारी

ताईचा विचार डोक्यातून जात नाही.

ताई लोकांचे जुने फोटो दुरुस्त करते. फाटलेले, वाळवी लागलेले, पाण्याने चेहरे उडालेले. लोक स्कॅन करून मेलने पाठवतात, ती नीट करून परत धाडते. भावजी गेल्यापासून तिचं आणि आईचं घर यावरच चालतं. तिच्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्राम मीच घालून दिला. वर ऐटीत सांगितलं, “काही अडलं तर कंपनीला लिहीत बसू नकोस. सरळ मला फोन कर.”

अनोळखी माणसांनी पाठवलेले फोटो दिवसभर उघडत बसणं, हाच तिचा धंदा. या भोकातून कुणाला आत यायचं असेल तर ताईच्या दाराइतकं उघडं दार नसेल.

एक वाक्य पुरे आहे. “मी सांगेपर्यंत बाहेरचा फोटो आमच्या प्रोग्राममध्ये उघडू नकोस.” पण ती ‘का’ म्हणून विचारणार. आणि ताईला सांगितलं म्हणजे तिच्यासारखी कामं करणाऱ्या तिच्या साऱ्या मैत्रिणींना सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तीच अभिमानाने सांगते.

जेवताना नवऱ्याला आडून विचारलं. “समज, एक धोका आहे. हजारो लोकांना आहे, आणि तो फक्त तुला माहीत आहे. त्या हजारांत आपलं एक माणूस आहे. त्याला एकट्याला सांगशील?”

“सांगेन की.”

“मग बाकीच्यांनी तुझं काय घोडं मारलंय?”

“काही नाही. पण त्यांच्याही बहिणी असतीलच ना कुठेतरी नोकरीला.” मग माझ्याकडे बघत म्हणाला, “तू म्हणजे स्वतःच्या घराला आग लागली तरी बंब बोलवायला रांगेत उभी राहशील.”

मी बहीण हा शब्द काढलाच नव्हता. त्याला कसं कळलं कोण जाणे.

पण मला माझंच बरोबर वाटतं. ज्यांचं आमच्या कंपनीत कुणी नाही त्यांनी धोक्यात राहायचं, आणि माझी बहीण तेवढी सुरक्षित, हा कुठला न्याय? ताईला सगळ्यांसारखीच वागणूक मिळायला हवी. कमी नाही, जास्तही नाही.

हे लिहून झाल्यावर बरं वाटायला हवं होतं.

२ फेब्रुवारी

राहवलं नाही. ताईला फोन केला. नियम न मोडता जितकं सांगता येईल तितकं सांगायचं ठरवून.

“ताई, तुझा कॉम्प्युटर फार जुना झालाय. महिनाभर विश्रांती दे ना त्याला.”

“आणि लोकांच्या आज्यांना काय सांगू? थांबा जरा, मशीन दमलंय?”

“फोटोंची दुसरी प्रत काढून ठेवतेस ना?”

“ठेवते. तू आज एवढी माझी विचारपूस का करतेयस? डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुला? की मलाच काही झालंय आणि मला सोडून बाकी सगळ्यांना माहीत आहे?”

“काहीतरीच काय! सहज फोन केला.”

“धाकटे, खोटं बोलायला लागलीस की तुझा आवाज सरकारी होतो.”

मी मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. मीटिंग नव्हती. तिच्याशी बोलणं आता धोक्याचं आहे. ती दोन प्रश्नांत माझ्याकडून सगळं काढून घेईल. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत फोन कमीच करावेत, निरोपावर भागवावं. मग एकदा जाऊन पोटभर गप्पा मारीन आणि कान पकडून सगळं सांगेन.

११ फेब्रुवारी

प्रोफेसरची दुरुस्ती तयार झाली. मी तपासली आणि परत पाठवली. कप आता काही करू शकत नाही, पण काही जुने स्कॅन अर्धेच उघडतात, खालचा भाग कोरा. कुणाच्या वडिलांचे पाय गायब झाले तर लोक दुरुस्तीच काढून टाकतील आणि पुन्हा उघड्यावर येतील. मालक कुरकुरले. प्रोफेसर माझ्याशी बोलायचा बंद झालाय. मला वाटतं, मी बरोबर केलं. पण असं दर वेळी लिहावं का लागतं?

२० फेब्रुवारी

कामाचा ढीग. एका गृहस्थांनी लिहिलंय की आमच्या ‘जतन करा’ या बटणाचा निळा रंग त्यांच्या डोळ्यांना खुपतो. प्रोफेसर मालकांना म्हणाला, त्यांना गॉगल पाठवू या. मी रीतसर क्रमांक दिला आणि उत्तर धाडलं. किरकोळ म्हणून सोडायला लागलं की मग सगळंच सुटतं.

दुपारी ताईचा फोन आला, मी नेमकी मालकांच्या खोलीच्या दाराशी उभी.

“अगं, तुझा तो प्रोग्राम आजकाल फोटो उघडताना जरा थांबतो. परवा तर एक काळी चौकट चमकून गेली. डोळ्याचं पातं लवतंय तोवर नाहीशी. मला वाटलं, मलाच चष्मा लागला.”

“मशीन जुनं झालंय, ताई. मी तेव्हाच म्हणाले होते.”

“पण आधी असं...”

“नंतर बोलू? आत बोलावलंय मला.”

“बोल गं नंतर. तू रविवारी ये. आईचा वाढदिवस आहे, तुझ्या लक्षात असेलच. तुला काहीतरी दाखवायचंय.”

बघते, म्हणाले. प्रोग्रामचं नाव निघालं तेव्हाच मला फोन ठेवायची घाई झाली होती. अजून अर्धं मिनिट बोलले असते तर तोंडून काहीतरी निसटलं असतं. नाही निसटलं. तेवढं तरी समाधान.

२३ फेब्रुवारी

वाढदिवसाला गेले नाही. घसा बसलाय असं कळवलं. नवरा एकटाच गेला. येताना ताईने डबा दिला आणि निरोप, ‘घशाला म्हणावं, लवकर बरा हो.’ “तिला काय दाखवायचं होतं?” विचारलं. “तू आल्यावर दाखवेन म्हणाली.”

डबा उघडला तर खाली माझ्यासाठी खडीसाखरेची पुडी. मी ती नवऱ्यासमोर खाल्लीसुद्धा. नाटक पूर्ण करायला.

१२ मार्च

सकाळी ताईचा फोन. फक्त एवढंच म्हणाली, “येतेस का? आत्ता.”

ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. स्क्रीनवर कुणाच्या तरी आजोबांचा अर्धवट दुरुस्त केलेला चेहरा, एक डोळा झालेला, एक व्हायचा. टेबलावर भिंग, पांढरे सुती हातमोजे, आणि सतत वाजणारा फोन. आई दाराच्या चौकटीला धरून उभी. मला म्हणाली, “हिने काही केलं नाही गं. लोक उगाच हिला बोलतायत.”

ताईच्या नावाने, ताईच्या पत्त्यावरून, तिच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना मेल गेली होती. ‘तुमचा फोटो तयार आहे.’ सोबत फोटो. आणि शेवटी ती प्रत्येकाला लिहिते ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं, ‘चेहरा ओळखू येतोय का, सांगा.’

लोकांनी तो आमच्याच प्रोग्राममध्ये उघडला; तयार फोटो पाहायला ताईनेच तो बहुतेकांना घ्यायला सांगितला होता. काहींच्या फायली गेल्या, काहींचे पासवर्ड. काहींच्या पत्त्यावरून तसल्याच मेल पुढे गेल्या. फोन पुन्हा वाजला. ताईने तो स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावा म्हणूनच बहुतेक. वयस्कर बाई बोलत होत्या. आवाजात राग नव्हता.

“अहो, मी कुणाचं काही उघडत नाही. मुलाने बजावून ठेवलंय. तुमचं नाव होतं म्हणून उघडलं हो.”

ताई म्हणाली, “मला माफ करा, काकू.” फोन ठेवला आणि तो उलटा करून ठेवला.

मी तिच्या आलेल्या मेल चाळल्या. तीन-एक आठवड्यांपूर्वी एका नव्या माणसाने ‘आजी-आजोबांचं लग्न’ असा फोटो पाठवला होता. मी प्रोफेसरला फोन लावला. काय मोजायचं ते त्याने सांगितलं, मी मोजलं. फाइल स्वतःला तळहाताएवढी म्हणवत होती. होती भिंतीएवढी.

“ताई, हे आमच्या प्रोग्राममुळे झालंय. त्यात एक भोक आहे. तुझी काही चूक नाही.”

“तुला आत्ता कळलं?”

मी उलट्या ठेवलेल्या फोनकडे बघितलं.

“कधीपासून माहीत होतं?”

“जानेवारीपासून. दुरुस्ती होईपर्यंत कुणालाच सांगायचं नव्हतं, ताई. कुणालाच नाही. तुला एकटीला सांगितलं असतं तर बाकीच्यांवर...”

मला वाटलं होतं, आरडाओरडा करेल. ती चिडली की सारी गल्ली ऐकते. ती म्हणाली, “म्हणजे आईच्या वाढदिवसाला तुझा घसा बसला नव्हता.”

“नव्हता.”

“बरं,” म्हणाली, आणि फोन सुलटा केला.

एवढं सगळं झालं असताना हिला घशाचं पडलंय! धक्का बसलाय तिला, दुसरं काय.

दुपारी ऑफिसातून सूचना जाहीर केली आणि दुरुस्ती सगळ्यांना पाठवली. ती दहा दिवसांपूर्वीच बरीचशी झाली होती. मी आणखी एकदा तपासू म्हणाले होते. माझी ती कसोशी नडली.

१३ मार्च

ऑफिसात सगळे माझ्याशी जपून बोलतायत. मालकांनी स्वतः चहा आणून दिला. “मॅडम, तुम्ही घरच्या माणसालासुद्धा सांगितलं नाहीत. हे सगळ्यांना जमत नाही.” हे कौतुक गिळता येईना, थुंकता येईना.

वटवाघळाची मेल आली. तारखा जुळवायच्या आहेत. ‘यापूर्वी कुणा वापरणाऱ्याची तक्रार आली होती का? फोटो उघडताना प्रोग्राम अडकणं, क्षणभर एखादी काळी खिडकी दिसणं, असं काही?’

मी तक्रारींची सगळी नोंद धुंडाळली. अडकण्याचं काही नाही, काळ्या खिडकीचं काही नाही. ‘नाही, अशी एकही तक्रार आली नाही,’ असं लिहिलं आणि पाठवलं. मग कप विसळायला मोरीकडे गेले. पाणी सोडलं, आणि कानात ताईचा आवाज, ‘मला वाटलं, मलाच चष्मा लागला.’

नळ चालूच राहिला. कुणीतरी येऊन बंद केला.

तिने मला सांगितलं होतं. जिथे तक्रार करायला मी बसवलं होतं तिथेच, म्हणजे मला. ती वटवाघळाची खूण होती, बारीकशी नव्हे, चांगली ढळढळीत. त्याच दिवशी जाहीर केलं असतं तर तिच्या नावाने मेल जायच्या आधी लोक सावध झाले असते. आणि मी काय केलं? आत बोलावलंय म्हणाले. मला कुणी बोलावलंही नव्हतं.

कालपासून मी दुरुस्तीच्या दिरंगाईला रडत होते. दिरंगाई नाही. हेच.

कुणा परक्या माणसाने तीच दोन वाक्यं लिहून पाठवली असती तर मी त्याला क्रमांक दिला असता. काळी चौकट? कधी दिसली? कुठली फाइल? कुणी पाठवली? तासाभरात प्रोफेसरच्या टेबलावर गेली असती. त्या दिवशी मी निळ्या रंगाला क्रमांक दिला. ताईला सगळ्यांसारखं वागवायचं ठरवलं होतं मी. सगळ्यांसारखंही वागवलं नाही.

१४ मार्च

सकाळी वटवाघळाला लिहिलं, कालचं उत्तर चुकीचं होतं, माझ्या बहिणीने मला सांगितलं होतं. नोंदीत २० फेब्रुवारीच्या तारखेला तक्रार घातली. ‘फोटो उघडताना जरा थांबतो. काळी चौकट चमकून जाते.’ तिचेच शब्द. आणि सूचनेत एक परिच्छेद वाढवायला मालकांकडे गेले. एका वापरणारीने हे आधीच सांगितलं होतं, कंपनीकडून नोंद झाली नाही, आणि तिच्या पत्त्यावरून गेलेल्या मेलमध्ये तिचा काहीही दोष नव्हता.

मालकांनी वाचलं, चष्मा काढला. “ही तक्रार नव्हे हो. दोन बहिणींचं फोनवरचं बोलणं.”

“तिला तक्रार करायची जागा म्हणून मीच माझा नंबर दिला होता.”

“हे छापलं तर लोक विचारतील, तीन आठवडे तुम्ही काय करत होतात?”

“विचारू देत.”

“तुम्हाला नाही विचारणार हो, मॅडम. कंपनीला.”

“मग ‘कंपनीकडून’ खोडून माझं नाव घाला.”

प्रोफेसर दाराशी उभा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला. “दोन्ही ठेवा. भोक काही यांनी पाडलेलं नाही.”

मालकांनी चष्मा परत लावला, परिच्छेद पुन्हा वाचला. शेवटी ‘छापा’ म्हणाले. ‘तुमचं नाव नको, तुमचं पद घालू.’ बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. माझं मन स्वच्छ झालं म्हणून ताईचा फोन काही नव्या कामासाठी वाजायला लागणार नाही.

१८ मार्च

भोक शोधून देणाऱ्याचे सूचनेच्या शेवटी आभार मानायची पद्धत आहे. वटवाघळाचं टोपणनाव तिथे आहे. वटवाघळाने स्वतःहून कळवलं, ‘तुमच्या बहिणीचं नाव माझ्या वर घाला. खूण त्यांना आधी दिसली.’ मी ताईला फोन केला. हल्ली ती दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलते. पूर्वी पहिलीलाच उचलायची.

“आभारांत तुझं नाव घालू का?”

“नको.”

“अगं, त्याने लोकांना कळेल की तुझी...”

“नावाचंच तर सगळं झालंय, धाकटे. आता जरा राहू दे ते घरात.”

धाकटे म्हणाली! म्हणजे राग निवळत असावा. मग मी विचारलं, वाढदिवसाला मला काय दाखवायचं होतं. “ते होय,” म्हणाली. “होतं काहीतरी.” आईला औषध द्यायचंय म्हणून तिने फोन ठेवला. आईचं औषध रात्रीचं असतं, आणि तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वेळा बदलल्या असतील.

५ एप्रिल

आज ताईकडे गेले. न कळवता.

बाबांचा सायकलवरचा फोटो सोबत नेला. पाणी लागून पुढचं चाक उडालंय. हा फोटो ती कित्येक वर्षं माझ्याकडे मागत होती, ‘स्कॅन करून पाठव, दोन दिवसांत चाक बसवून देते’. मी दर वेळी पाठवते म्हणाले आणि कपाटात तसाच राहिला.

बाहेरच्या खोलीत आता एक लहान टेबल आलंय, दाराकडे तोंड करून. भिंतीवर तिच्या अक्षरात पाटी, ‘फोटो प्रत्यक्ष आणून द्यावेत. मेलने स्वीकारले जाणार नाहीत.’ आतल्या खोलीच्या भिंतीवर एक नवी फ्रेम दिसली. आम्ही दोघी, लहानपणच्या, अंगणात एकाच बादलीत पाय घालून बसलेल्या. मूळ फोटोत माझा चेहरा पार उडालेला होता, मला आठवतंय. आता तो होता. एकेक केस होता. कुठला तरी दुसरा फोटो समोर ठेवून तिने तो बसवला असणार. किती दिवस लागले असतील कोण जाणे.

“हे दाखवायचं होतं का?” मी विचारलं.

“आईला दिलं ते. वाढदिवसाचं.” ती टेबलामागे बसली. “बोल, काय काम काढलंस?”

मी बाबांचा फोटो पुढे केला. तिने हातमोजे घातले, फोटो दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला. बाबांवर भिंग बराच वेळ थांबलं. मग म्हणाली, “चाक होईल. मागच्या चाकावरून घेता येईल. चेहऱ्याला हात लावत नाही, चेहरा चांगला आहे.”

“ताई...”

“घाई आहे का?”

“नाही.”

“पंधरा दिवस धर.”

खणातून तिने एक कोरं पावती पुस्तक काढलं. पहिलं पान उलटलं, खाली कार्बन सरकवला, पेनचं टोपण काढलं आणि वर न बघता म्हणाली, “नाव?”

मी हसले. ती पेन धरून थांबली होती. आई आतून बघत होती.

मी नाव सांगितलं. आडनावासकट. तिने नीट, सुटं सुटं लिहिलं, कुणीही वाचू शकेल असं. “हरवू नकोस,” म्हणाली, “पावतीशिवाय देत नाही कुणाला.” आणि मी उठले तेव्हा उगाचच म्हणाली, “जाताना दार ओढून घे.” ते आपोआप लागतं. तिला माहीत आहे.

बसमध्ये बसल्यावर पावती उघडून पाहिली. ‘वडील, सायकल, पुढचं चाक’. खाली तिची सही. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत छापलेला क्रमांक. एक.